अल्बमला मराठीत काय म्हणायचं?

मांडवीकाठ: फोंड्याच्या आमच्या संगीतमंडळाचं मासिक पत्रक यंदा माझ्या गळ्यात पडलंय. सभासदांनी सध्या काय ऐकतोय त्यावर चार ओळी लिहायच्या, असं सदर सुरू करतोय. नाव दिलं 'माझी सध्याची ध्वनिमुद्रिका'. लगेच एकाचा फोन: "ध्वनिमुद्रिका म्हणजे रेकॉर्ड. मी मोबाइलवर ऐकतो, मग मी लिहायचं नाही?" शब्द सुचवा. गुरुवारी छपाई.

निवृत्त मास्तर: काही बदलू नका. मोबाइलवर वाचलं तरी पुस्तक ते पुस्तकच ना? अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा.

सुपारीची बाग: मास्तर, लग्नाच्या फोटोंवरूनच तर आलाय तो! डिचोलीच्या घरी आजोबांकडे जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची एक वही होती. पानांच्या जागी खाकी पाकिटं, प्रत्येकाला मधोमध गोल भोक, लेबल वाचता यावं म्हणून. एका पाकिटात एक लाखेची रेकॉर्ड. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यामुळे मोठं काही असलं की चार-पाच रेकॉर्डी एकत्र बांधून विकायचे. दिसायला थेट फोटोंचा अल्बम, म्हणून नावही तेच. पुढे १९४८ साली एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड निघाली, सगळं एकाच तबकडीवर मावलं. वही गेली, नाव राहिलं. आजोबा मात्र तिला 'चोपडी' म्हणत. "ती नाट्यपदांची चोपडी काढ गो." पावसात पाकिटांना बुरशी यायची म्हणून आजीने एकदा चोपडी चुलीवरच्या फळीवर ठेवली. दोन रेकॉर्डी पापडासारख्या वाकल्या. त्यानंतर आठ दिवस घरात संगीत नव्हतं, संवादही नव्हता.

पेडणेकार: चोपडी झकास! पण ती वाण्याची वाटेल. 'तबकडी' घ्या. तबक अरबीतून आलं, पण तबकडी आपल्या घरचीच झालीय.

निवृत्त मास्तर: तबकडी म्हटली की लोकांना उडती तबकडी आठवते.

पेडणेकार: आठवू दे की! आपल्या केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉएजर अवकाशयानांवरून गेली, ती सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवरच. अजून चाललीच आहे. याहून खरी उडती तबकडी दाखवा.

मांडवीकाठ: केसरबाई शिरसावंद्य. पण तबकडी म्हणजे वस्तू झाली. मला आत जो गाण्यांचा संच असतो, त्याचं नाव हवंय.

काणकोणची सून: मग 'संच'च म्हणा. (आमच्याकडे संच म्हणजे चहाच्या कपांचा, ते सोडा.) बाकी ध्वनिफितीला सगळे विसरलात वाटतं?

निवृत्त मास्तर: कॅसेटला तो उत्तम मराठी शब्द होता. लोकांनी वापरला नाही, हे लोकांचं दुर्दैव.

काणकोणची सून: मराठी? मास्तर, 'फीत' हा पोर्तुगीजांचा 'फिता'! चावी, पगार, बटाटा ज्या गलबतातून उतरले त्याच गलबतातून उतरला. अर्धा संस्कृत, अर्धा लिस्बनचा.

निवृत्त मास्तर: रुळला की परका शब्दही आपला होतो.

काणकोणची सून: मग अल्बमने काय घोडं मारलंय?

निवृत्त मास्तर: आधी 'अल्बम' की 'आल्बम' ते ठरवा. मग बोलू.

सुपारीची बाग: मुळात लॅटिन. अल्बुस म्हणजे पांढरा. रोममध्ये जाहीर सूचना लिहायच्या पांढऱ्या फळ्याला अल्बम म्हणत. म्हणजे मांडवीकाठबाब, तुमचं पत्रकच अल्बम झालं.

पेडणेकार: एक गंमत. रेकॉर्ड 'लावली' ती स्त्रीलिंगी, रेकॉर्ड 'मोडला' तो पुल्लिंगी. आमच्या थोरल्याने लहानपणी बाबांची आवडती तबकडी हातातून सोडली आणि ओरडला, "बाबा, रेकॉर्ड मोडला!" बाबा आनंदाने बाहेर आले, त्यांना वाटलं क्रिकेटमध्ये काहीतरी झालं.

मांडवीकाठ: लोकहो, उद्या बुधवार.

काणकोणची सून: शब्द राहू दे, मी सदरात लिहिते. किशोरीताई आमोणकरांची ती एलपी, एका बाजूला राग भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. पंधरा दिवस भूपाचीच बाजू चालू आहे, उलटवायचं मनच होत नाही. माझ्यापुरता शब्द 'बाजू'. मोबाइलवाल्यांनी आपलं बघावं.

सुपारीची बाग: ती एलपी माझ्याकडेही आहे, पण पिन बोथट झालीय, खरखर येते. म्हापशात कुठे मिळेल?

निवृत्त मास्तर: पिन नव्हे. सुई.