तांडेल क्लास बनवतोय, भरतीला फारच भारी होतो आणि सुकतीला अगदीच पांगळा, काय करू?

वेंगुर्लेकर_डीएम
मंडळी, जरा मदत हवीय. आमचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळायचा खेळ) फिफ्थ एडिशनचं कॅम्पेन चाललंय, २०१४ चे नियम, सगळे लेव्हल ५ ला. जग आमचं आम्हीच रचलंय, खाड्या, जलदुर्ग, माडांची बेटं, किनाऱ्याला रापणकरांची गावं. एका प्लेयरच्या घरचा ट्रॉलर आहे, त्याला फायटर, रेंजर असले तयार क्लास (पात्राचे प्रकार) नकोत, त्याला तांडेलच, म्हणजे होडीचा म्होरक्या, खेळायचाय, ज्याची ताकद दर्याबरोबर चढते आणि उतरते. मला कल्पना जाम आवडली म्हणून आख्खा क्लास लिहायला घेतला. हिट डाय (जीव ठरवणारा फासा) डी१०, म्हणजे दहा बाजूंचा, लेव्हल ५ ला एक्स्ट्रा अटॅक (टर्नला दोन वार), इथपर्यंत सरळ आहे.

खरी गोष्ट भरतीच्या नियमाची. गेममध्ये आम्ही तिथी चालू ठेवतो आणि भरतीची वेळ आपल्याकडे जुनी माणसं काढतात तशीच काढतो, तिथीची पाऊणपट. म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, आणि तिथून सहा तासांच्या आसपास पाणी पूर्ण उतरतं. पाणी भरलेलं असेल तर तांडेलाला सगळ्या अटॅकवर अॅडव्हांटेज (डी२० दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा) आणि प्रत्येक हिटला जादा डी८. सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर सगळ्या अटॅकवर डिसअॅडव्हांटेज (दोनातला लहान आकडा) आणि जादा डी८ बंद.

आता टेबलवर होतं काय, की भरतीला फायटरवाला नुसता बसून राहतो आणि सुकतीला तांडेलवाला मोबाईल काढतो. आणि पार्टी घाट चढून वर गेली तर काय करायचं हा प्रश्न वेगळाच. डी८ चा डी६ करून पाहिला, काही फरक नाही. पंचांगाचा नियम मात्र मला काढायचा नाहीये, तोच या क्लासचा जीव आहे.

रत्नागिरीची_डाइसवाली
डी६ करून फरक पडणार नाही कारण गडबड डॅमेजच्या आकड्यात नाहीये, अॅडव्हांटेजमध्ये आहे. लेव्हल ५ ला ताकद १८ धरली तर +४ आणि प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +३, म्हणजे हिटला +७. समोरच्याची एसी (हिट बसायला गाठायचा आकडा) १५ धर, डी२० वर ८ किंवा वर पडायला हवं, ६५ टक्के. अॅडव्हांटेज दिलंस की ते ८८ टक्के होतं आणि डिसअॅडव्हांटेजला ४२. म्हणजे फक्त पाण्याच्या वेळेवर याचा नेम दुप्पट नाहीतर निम्मा.

आता डॅमेज बघ. दोन हाती तलवारवाला फायटर, २डी६+४ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४), दोन अटॅक, ६५ टक्के, राऊंडला सरासरी १४ च्या थोडं वर. तुझा तांडेल डी८ चं हत्यार घेऊन भरतीला साधारण २३ मारतो आणि सुकतीला ७. दोन्हीची सरासरी काढलीस तर १५ येते, फायटरच्या जवळ, म्हणून कागदावर क्लास बॅलन्स्ड दिसतो. पण लढाईत सरासरी कुणीच खेळत नसतं, त्या दिवशी एकतर २३ असतात नाहीतर ७. आणि ते २३ की ७ हे प्लेयर ठरवत नाही, तू कॅलेंडर उघडून ठरवतोस. मला यातलं हेच सगळ्यात खटकतं. क्लास त्याचा आहे ना, मग पाणी त्याच्या हातात दे की.

खाडीकाठचा
ताईंनी बरोबर नस पकडली. मी अजून एक सांगतो, सुकती म्हणजे कमजोरी हे कुठून आलं? आमच्याकडे पाणी उतरलं की बायका कोयती आणि टोपली घेऊन कातळावर कालवं काढायला जातात, चिखलात तिसऱ्या, मुळे असल्या शिंपल्या शोधतात, जे भरतीला झाकलेलं असतं ते सगळं सुकतीलाच हाताला लागतं. पाणी ओढून नेतं, उघडं पाडतं, ही पण दर्याची ताकदच आहे, मग ती क्लासमध्ये का नको?

मी असं करेन. लढाईत तांडेलाचं स्वतःचं पाणी मोजायचं, ० ते ४. इनिशिएटिव्ह (लढाईतला क्रम ठरवणारा फासा) टाकल्यावर २ वर सुरू. आपल्या प्रत्येक टर्नला तो पाणी एक पायरी चढवणार किंवा उतरवणार, त्याची मर्जी, अॅक्शन खर्च नाही. ३ किंवा ४ असेल तर टर्नमध्ये एकाच हिटला जादा डी८, प्रत्येक हिटला नाही. ० किंवा १ असेल तर ज्याला हिट बसली तो १० फूट तांडेलाकडे ओढला जातो आणि पुढच्या टर्नपर्यंत त्याला रिअॅक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करायची कृती) नाही. आणि ४ ला पोचलं की उधाण सोडता येईल, १० फुटातल्या सगळ्यांना स्ट्रेंथ सेव्ह (ताकदीवर वाचायचा फासा), नापास झाला तो आडवा, आणि पाणी थेट ० वर. लढाया बहुतेक तीनचार राऊंडात आटपतात त्यामुळे पाच पायऱ्यांच्या वर जाऊ नको, नाहीतर उधाण यायच्या आत गोब्लिन मेलेले असतात.

पंचांग पण राहतं. खरी भरती असेल तर २ च्या ऐवजी ३ वर सुरुवात, सुकती असेल तर १ वर, घाटावर किंवा भुयारात २. झालं.

रत्नागिरीची_डाइसवाली
हे मस्त आहे, लगेच हिशेब केला. पाणी ३ किंवा ४ असताना अॅडव्हांटेजशिवाय दोन अटॅकचे ११, त्यात एकदाच मिळणाऱ्या डी८ चे साधारण ४, म्हणजे १५. फायटरच्या किंचित वर, पण फायटरकडे अॅक्शन सर्ज (एकदा जादा अॅक्शन) आहे तेव्हा त्याने तक्रार करू नये. पाणी खाली असताना ११, पण ओढून आणलेला शत्रू फायटरच्या पुढ्यात येऊन पडतो, म्हणजे आता दोघं मिळून खेळतील. उधाणाचा सेव्ह डीसी (पास व्हायला लागणारा आकडा) ८ अधिक प्रोफिशियन्सी अधिक स्ट्रेंथ, लेव्हल ५ ला १५.

वेंगुर्लेकर_डीएम
अरे हे तर फारच भारी!! सुकतीला ओढून घेणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, प्लेयरला आत्ताच पाठवलं. पण मग तिथीचा हिशेब फक्त सुरुवातीच्या एका आकड्यापुरताच राहिला, तो थोडा वाया जातोय असं नाही वाटत?

खाडीकाठचा
वाया कशाला, तो आख्ख्या पार्टीला लाव. अलिबागचा कुलाबा किल्ला आठव, सुकतीला पायी जाता येतं आणि पाणी चढलं की होडीशिवाय गत्यंतर नाही. असा एक जलदुर्ग टाक. चतुर्थी आहे, नऊच्या सुमाराला पाणी पूर्ण उतरलेलं, सगळे चालत आत गेले, आता आतलं काम लांबलं तर परत येताना छातीएवढं पाणी, चिलखत घातलेला पॅलाडिन काय करणार ते त्याचं त्याने बघावं. आणि पाणी कधी फिरणार हे बिनचूक सांगणं फक्त तांडेलाला, त्याला रोल टाकायला लावू नको, ते त्याला माहीतच असतं. क्लासला अशी एक गोष्ट फुकट द्यावी.

कुडाळकार
माका वाटता तांडेलाक गाऱ्हाणा व्हयाच! नियम साध्या मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. बोनस अॅक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती), तांडेल गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालतो, ३० फुटातल्या ज्या सोबत्याला हवं असेल त्याने आपली रिअॅक्शन खर्चून व्हय म्हाराजा म्हणायचं, त्याला पुढच्या एका अटॅकवर किंवा सेव्हवर डी४. प्रोफिशियन्सी बोनस जितका तितक्या वेळा, लाँग रेस्टला (लांब विश्रांतीनंतर) परत, म्हणजे तुमच्या लेव्हलला ३ वेळा. ब्लेस या मंत्राशी ताडून बघा, तो तिघांना मिनिटभर प्रत्येक अटॅक आणि सेव्हला डी४ देतो पण कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे लक्ष मोडलं की मंत्र संपतो. हे त्याहून हलकं आहे आणि रिअॅक्शन गेली की ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्यावरचा वार) पण गेला, त्यामुळे फुकट काही नाही.

एक विनंती, खऱ्या देवस्थानाचं नाव घालू नका. तुमच्या जगातला राखणदार तुम्हीच बनवा, त्याची हद्द कुठून कुठपर्यंत ते ठरवा, त्याला काय चालत नाही ते ठरवा. आणि प्लेयर्सना व्हय म्हाराजा मोठ्याने म्हणायला लावा, नुसतं रिअॅक्शन वापरली म्हणून पुढे जायचं नाही. टेबलवर सगळे एका सुरात म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो, खरंच.

वेंगुर्लेकर_डीएम
घेतलं, दोन्ही घेतलं. शेवटचं एक विचारतो, कुठल्या लेव्हलला काय द्यायचं? आणि हे पूर्ण झालं की मराठीत पीडीएफ करून कोकणातल्या बाकी ग्रुप्सना द्यायचाय, चालेल ना?

रत्नागिरीची_डाइसवाली
लेव्हल १ ला भरतीची वेळ कळणं आणि गाऱ्हाणं, बस. पाण्याचा आकडा लेव्हल ३ ला, नाहीतर बार्बेरियनवाला एक लेव्हल तांडेलाची घेऊन सगळी मलई नेईल. उधाण ७ ला ठेव, म्हणजे तुझ्या प्लेयरला पुढे वाट बघायला काहीतरी राहील. अॅबिलिटी स्कोअर वाढवणं बाकी क्लाससारखंच ४, ८, १२, १६, १९ ला, तिथे नवीन काही करू नकोस.

पीडीएफचं म्हणशील तर जानेवारी २०२३ पासून एसआरडी ५.१ (कंपनीने खुले केलेले खेळाचे मूळ नियम) क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय ४.० लायसन्सखाली आहे, त्यातले नियम वापरून, भाषांतर करून वाटू शकतोस, विकूही शकतोस, फक्त त्यांनी दिलेली श्रेयाची ओळ आणि आपण बदल केलेत हे पीडीएफमध्ये टाकायला विसरू नको. पण एसआरडीमध्ये फायटरचा फक्त चॅम्पियन हा उपप्रकार आहे, बॅटल मास्टर नाही, त्यामुळे बॅटल मास्टरच्या मनूव्हर्स (खास डावपेच) जशाच्या तशा उचलून घालू नकोस. आणि पहिल्या पानावर व्हर्जन नंबर टाक, चारपाच सेशन झाले की उधाणाचे १० फूट कमीजास्त करावे लागतील असा माझा अंदाज आहे, छोट्या होडीवर १० फूट म्हणजे आपलीच अर्धी पार्टी आडवी.