चिकाटी आणि मदतकार्याविषयी विचार करण्यासाठी टॅरो पत्ते कसे वापरावेत?

मूळ प्रश्न

नमस्कार. आमच्या वस्तीतील समाजमंदिरात मी काही वर्षांपासून संध्याकाळची अभ्यासिका चालवते. येणारी बहुतेक मुले घरकामाला आणि बांधकामावर जाणाऱ्या पालकांची आहेत. सुरुवातीचे सहकारी एकेक करून थांबले, आणि मी हे काम निष्ठेने करते आहे की केवळ सोडता येत नाही म्हणून, हे मला नीट कळेनासे झाले आहे. भविष्य जाणून घेण्यात मला रस नाही. परंतु मैत्रिणीने भेट दिलेल्या टॅरो संचातील, म्हणजे अनेक जण भविष्यकथनासाठी वापरतात त्या चित्रमय पत्त्यांतील, चित्रे पाहताना मनातले प्रश्न अधिक स्पष्ट होतात, असा अनुभव आहे. परवा ‘नाइन ऑफ वाँड्स’ (नऊ काठ्या) आणि ‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’ (सहा नाणी) ही पाने निघाली. सोबतच्या पुस्तिकेत एकाचा अर्थ चिकाटी आणि दुसऱ्याचा औदार्य एवढाच दिला आहे, त्याने समाधान होत नाही. पत्त्यांचा उपयोग आत्मचिंतनासाठी करणाऱ्यांनी आपली पद्धत सांगावी, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, पुस्तिका काही काळ बाजूला ठेवावी आणि चित्राकडेच बघावे, असे मी सुचवेन. ‘नाइन ऑफ वाँड्स’मधील माणसाच्या डोक्याला पट्टी बांधलेली आहे, हातात एक काठी आहे आणि उरलेल्या आठ काठ्या त्याच्या पाठीमागे कुंपणासारख्या उभ्या आहेत. तो टिकून आहे हे खरेच, पण तो कोणावर तरी नजर ठेवून, सावधपणे उभा आहे, आणि आजूबाजूला दुसरे कोणीही नाही. सहकारी गेल्यानंतर आपण अभ्यासिका चालवत आहात की तिचा पहारा करत आहात, हा प्रश्न हे चित्र विचारू शकते. मला तो पुस्तिकेतल्या अर्थापेक्षा मोलाचा वाटतो.

‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’मध्ये उभा असलेला सधन माणूस एका हाताने नाणी देतो आहे, दुसऱ्या हातात तराजू आहे, आणि समोर दोघे गुडघ्यांवर बसलेले असताना नाणी एकाच्याच हातात पडत आहेत. या तिघांपैकी आज आपण कोण आहोत, असे स्वतःला विचारून प्रत्येकाच्या जागेवरून चार-पाच ओळी लिहाव्यात. देणाऱ्याच्या जागेवरून लिहिणे सोपे जाते. ज्याच्या हातात काही पडलेले नाही त्याच्या जागेवरून लिहिताना लेखणी अडते, आणि तिथेच थोडा अधिक वेळ थांबावे.

आणखी एक गोष्ट. पाने उलटी ठेवून काढलीच पाहिजेत असे नाही. चिकाटीचा विचार करताना मी ‘सेव्हन ऑफ पेंटॅकल्स’, ‘एट ऑफ पेंटॅकल्स’ आणि ‘टेन ऑफ वाँड्स’ ही पाने मुद्दाम निवडून समोर मांडते. पहिल्यात शेतकरी अवजारावर रेलून आलेल्या पिकाकडे पाहतो आहे, दुसऱ्यात कारागीर एकामागून एक चकती घडवतो आहे, आणि तिसऱ्यात दहा काठ्यांची मोळी वाहणाऱ्या माणसाला त्या ओझ्यामुळेच समोरचे गाव दिसत नाही. आपली सध्याची अवस्था यांपैकी कोणत्या चित्राच्या जवळची आहे, हे ठरवताना बरेच काही उलगडते.

प्रतिसाद २

वरील पद्धतीला इतिहासाचाही आधार आहे. टॅरोचा उगम पंधराव्या शतकातील उत्तर इटलीत, खेळण्याचे पत्ते म्हणून झाला. ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचे गूढ ज्ञान आहे, हा निराधार समज फ्रान्समध्ये कूर द जेबलँ या लेखकाच्या 1781 मधील लेखनातून पसरला, आणि भविष्यकथनाची प्रथा त्यानंतर जोमाने वाढली. मात्र संच निवडताना लक्ष द्यावे. मार्सेय नावाच्या जुन्या पारंपरिक संचात आकड्यांच्या पानांवर केवळ काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी यांची मांडणी असते, माणसांचे प्रसंग नसतात. ते प्रसंग पामेला कोलमन स्मिथ यांनी 1909 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संचासाठी रंगवले. संचाच्या नावात दीर्घकाळ प्रकाशक रायडर आणि लेखक वेट एवढ्यांचाच उल्लेख होत असे. ही चित्रे ज्यांनी काढली त्यांचे नाव आपण तरी आवर्जून घ्यावे.

प्रतिसाद ३

पत्त्यांसमोर बसून स्वतःविषयी विचारावे, दुसऱ्याविषयी नाही, असे माझे ठाम मत आहे. मुलांना अभ्यासिका हवी आहे का, पालकांना काय वाटते, सोडून गेलेले सहकारी नाराज आहेत का, याची उत्तरे त्या माणसांकडेच आहेत. चित्रात ती शोधू लागलो की आपण आपलीच भीती किंवा आशा त्यांच्या नावावर टाकतो. शिवाय थकवा शरीरावर दिसू लागला असेल, झोप उडाली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे लिहायला बसले, तेव्हा रिकाम्या हाताच्या माणसाच्या जागेवरून लिहिताना मला मोठ्या वर्गातील मुली आठवल्या. लहान मुलांच्या गोंधळात त्यांच्या गणिताकडे माझे लक्ष जात नाही, आणि त्या कधी तक्रारही करत नाहीत. नंतर मी त्यांच्याशीच बोलले. आठवड्यातील एक संध्याकाळ फक्त त्यांच्यासाठी ठेवावी आणि त्या दिवशी लहान मुलांना सुट्टी द्यावी, असे त्यांनी सुचवले आहे; पालकांना हे चालेल का, ते रविवारच्या बैठकीत विचारणार आहे. ‘टेन ऑफ वाँड्स’चे पान मात्र अजून टेबलावरच आहे. त्यातील कोणत्या काठ्या दुसऱ्याच्या हाती देता येतील याची यादी मी करू लागले आहे, आणि किल्ली सांभाळण्याचे काम सर्वांत वर लिहिले आहे.