चूर्णाच्या यादीवरून

ए ६०२ : नमस्कार. स्मरणशक्तीच्या ब्राह्मी चूर्णाची एकत्रित मागणी नोंदवण्याचे काल आपल्या सोसायटीच्या गटावर ठरले आणि रात्रीपर्यंत १७ घरांची नावे यादीत आली. त्यातले आमचे नाव तूर्त काढावे, ही विनंती. कारण थोडे सविस्तर सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या आईकडून तीन-चार वेळा डाळ करपली. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे ती विसरते, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात ते हेच, असा निष्कर्ष आम्ही घरबसल्या काढला आणि तिला हळूहळू स्वयंपाकघरातून बाजूला केले. भिशीलाही ती जाईनाशी झाली. पुढे एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली तेव्हा कळले, की शिट्ट्या ती विसरत नव्हती. वरच्या पट्टीतले आवाज तिला ऐकूच येत नव्हते.

बी २०१ : दादा, आईंचे समजले; पण ऐकू कमी येण्याचा आणि डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, संबंध काय? शिवाय ब्राह्मीने कोणाचे नुकसान झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

ए ६०२ : काकू, संबंध आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाशी निगडित असे १४ घटक सांगितले, ज्यांच्याबाबत आपल्याला काही करता येते, ते सगळे दूर झाले तर जगातील सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा समाजाचा, एकेका माणसाची हमी नव्हे. त्या १४ मध्ये रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, बैठी जीवनशैली हे ओळखीचे घटक आहेतच. पण कमी ऐकू येणे आणि मध्यम वयातले वाढलेले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल यांचा वाटा सर्वांत मोठा मानला आहे. ऐकू येत नसले की अर्धवट शब्द जुळवण्यातच मेंदू शिणतो, माणूस बोलणे टाळतो, मग लोकांत जाणेही टाळतो, आणि एकटेपणा हा त्या यादीतला आणखी एक घटक आहे. (डोक्याला मार लागणे हाही त्यात आहे. हेल्मेट डिकीत ठेवून भाजीला जाणाऱ्यांनी, म्हणजे मीही, याची नोंद घ्यावी.)

श्रवणयंत्राने सारे साधते, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे श्रवणयंत्रांची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले. सर्वांचा एकत्र विचार करता फरक दिसला नाही. ज्यांना मुळात धोका अधिक होता, त्यांची बौद्धिक घसरण मात्र जवळजवळ निम्म्याने मंदावली.

सी १०३ : ब्राह्मीबद्दल माझा आकस नाही. तथापि ‘झाडपाल्याचे आहे म्हणजे लागू पडेल’ हे गृहीत धरू नये, एवढे डॉक्टर म्हणून सुचवते. जिंकगो या झाडाच्या पानांचा अर्क ७५ आणि त्याहून अधिक वयाच्या ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षे तपासला गेला. त्याने डिमेन्शिया टळला नाही, हे २००८ मध्येच स्पष्ट झाले. विस्मरण जाणवू लागले असेल तर चूर्णाआधी बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण तेथे कमतरता असल्यास ती भरून काढता येते. शाकाहारी मंडळींनी, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावे. आणखी एक : ही काळजी सत्तरीत सुरू करायची नसते. रक्तदाबाचा संबंध चाळिशी-पन्नाशीतल्या आकड्यांशी अधिक आहे, आणि त्या वयाचे एकही नाव यादीत नाही. बहुतेकांनी आपापल्या आईवडिलांची नावे दिली आहेत.

बी २०१ : डॉक्टर, हे मात्र खरे. आमच्या चिरंजीवांनी शेवटचा रक्तदाब कधी मोजला, ते त्यांनाही आठवणार नाही.

ए ६०२ : म्हणूनच सुचवतो, की येत्या रविवारी सकाळी ८ ते १० क्लबहाऊसमध्ये रक्तदाब मोजण्याची सोय करावी, यंत्र आमच्याकडे आहे. आईचे म्हणाल तर तिचे श्रवणयंत्र दुपारनंतर सुपारीच्या डबीत जाते. कानात खाजते, अशी तिची तक्रार आहे. मात्र भिशीला जाताना ती ते आठवणीने घालते.

सी १०३ : रविवारी मी ९ पर्यंत थांबेन. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी यावे.

बी २०१ : माझे आणि चिरंजीवांचे नाव रविवारच्या यादीत घालावे. चूर्णाच्या यादीतले माझे नाव राहू द्यावे. पैसे भरून झाले आहेत.