एंजलफिशच्या टाकीसाठी रमीनोज टेट्रा

एंजलफिशसोबत निऑन टेट्रा किंवा टायगर बार्ब ठेवावेत का, असा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही टाळावेत. एंजल शांत दिसला तरी तो सिक्लिड कुळातला शिकारी मासा आहे आणि पूर्ण वाढ झाल्यावर, जेमतेम तीन सेंटिमीटरचा सडपातळ निऑन त्याला खाद्यच वाटतो. टायगर बार्बचा त्रास उलटा आहे, कारण ते एंजलचे लांब, लोंबते पर सतत कुरतडतात. सर्पे टेट्राचीही तीच खोड.

त्याऐवजी आठ-दहा रमीनोज टेट्रांचा थवा मी आवर्जून सुचवेन. ते साधारण पाच सेंटिमीटरचे होतात, चपळ असतात, एंजलला लागणारे २६ ते २८ अंशांचे पाणी त्यांनाही मानवते, आणि पाणी बिघडू लागले की त्यांच्या तोंडाचा लालभडक रंग फिका पडतो, ही सूचना फारच मोलाची आहे. मात्र नव्या टाकीत त्यांना घाईने सोडू नये. तळाशी स्टर्बाय कोरिडोरास हे छोटे कॅटफिश चालतील. वाळू मात्र बारीक हवी. एंजलची जोडी अंडी राखू लागली, की सगळ्यांनाच हुसकावते, तेव्हा टाकी ऐसपैस घ्यावी.