दवाखान्यातून रुग्णांची माहिती फुटली: अमेरिकेत रुग्णाला कायद्याने काय करता येतं?

टपालपेटी

अमेरिकेतल्या एका लहान खाजगी दवाखान्याकडून पत्र आलं आहे. अनधिकृत व्यक्तीने त्यांच्या सर्व्हरमध्ये प्रवेश केला आणि रुग्णांचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक), विम्याचा मेंबर आयडी आणि निदानाची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, असं म्हटलंय. सोबत वर्षभराचं फुकट क्रेडिट मॉनिटरिंग, म्हणजे नावावर कोणी कर्ज काढतंय का यावर नजर. घटना घडल्यापासून पत्र येईपर्यंत पाच महिने गेलेत. पैशाचं नुकसान अजून तरी दिसत नाही.

हिपा, म्हणजे रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या केंद्रीय कायद्याखाली दवाखान्यावर दावा लावता येतो का? पाच महिने उशीर चालतो का? मॉनिटरिंग घेतलं तर दाव्याचा हक्क जातो का? आणि वकिलांच्या जाहिराती येऊ लागल्यात, त्यांचं काय करायचं?

कलम_कानू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. हिपाने रुग्णाला स्वतः कोर्टात जाण्याचा हक्क दिलेलाच नाही. २००६ साली पाचव्या सर्किट कोर्टाने (हे केंद्रीय अपील कोर्ट) आकारा विरुद्ध बँक्स या प्रकरणात ते स्पष्ट केलं आणि बाकीची कोर्टंही तेच म्हणत आली आहेत. हिपाची अंमलबजावणी करतं ते केंद्रीय आरोग्य खात्याचं ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स, म्हणजे ओसीआर. २००९ पासून राज्यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकीलही दावा लावू शकतात. त्यामुळे तक्रारीची वाट आणि भरपाईची वाट वेगळी. ओसीआरच्या तक्रारीतून तुमच्या हाती डॉलर पडणार नाही, पण दवाखान्याला कागद दाखवावे लागतात आणि सुधारणा कराव्या लागतात.

तक्रारीला वकील लागत नाही, फी नाही. ऑनलाइन पोर्टलवर किंवा टपालाने करता येते. मुदत १८० दिवस, आणि ती घटनेपासून नाही, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मोजतात. म्हणून पत्राचं पाकीट फेकू नका, शिक्क्याची तारीख उपयोगी पडते. तक्रारीत राग कमी आणि तारखा जास्त असाव्यात: घटना कधीची, दवाखान्याला कधी कळली, पत्र कधी मिळालं, कोणती माहिती गेली, फोन केल्यावर काय उत्तर मिळालं.

आता उशीर. नियम असा की अवाजवी विलंब न करता आणि जास्तीत जास्त ६० दिवसांत रुग्णाला कळवायचं. पण हे ६० दिवस घुसखोरीच्या तारखेपासून नाहीत, ती *लक्षात आल्यापासून* आहेत. नीट लक्ष ठेवलं असतं तर ज्या दिवशी कळलं असतं, तो दिवसही त्यात धरतात. पत्रात दोन्ही तारखा द्याव्या लागतात, त्या शोधा. बिलिंगवाल्या किंवा सॉफ्टवेअरवाल्या बाहेरच्या कंपनीकडून माहिती फुटली असेल तर कंपनीला दवाखान्याला कळवायला ६० दिवस आणि दवाखान्याला रुग्णाला कळवायला पुढचे ६० दिवस मिळू शकतात. (कंपनी दवाखान्याची एजंट म्हणून काम करत असेल तर तिला कळलं तेच दवाखान्याला कळलं असं मानतात.) तपास यंत्रणेने थांबायला सांगितलं असेल तर मुदत आणखी पुढे जाते. तेव्हा पाच महिने म्हणजे नियमभंगच, असं तारखा न पाहता म्हणता येणार नाही. "आमचा तपास चालू होता" एवढंच कारण मात्र ६० दिवसांच्या पुढे चालत नाही.

५०० किंवा जास्त रुग्णांची माहिती गेली असेल तर ती घटना ओसीआरच्या सार्वजनिक यादीत येते. तिला लोक 'वॉल ऑफ शेम' म्हणतात. तिथे आकडा आणि घटनेचा प्रकार पाहून घ्या, पुढे कामाला येतो.

दावेदार

भरपाई राज्याच्या कायद्यातून मागायची. निष्काळजीपणा, विश्वासाचा भंग, गर्भित (न लिहिलेल्या, पण वागण्यातून गृहीत धरलेल्या) कराराचा भंग, राज्याचे ग्राहक कायदे अशी कलमं वकील एकत्र लावतात. हिपा तिथे मागच्या दाराने येतो: डॉक्टरने किती काळजी घ्यायला हवी होती, याचं माप म्हणून. कनेटिकटच्या सुप्रीम कोर्टाने बर्न प्रकरणात २०१४ मध्ये हे मान्य केलं, आणि २०१८ मध्ये गोपनीयताभंगाबद्दल डॉक्टरवर दावा होऊ शकतो असंही म्हटलं. सगळी राज्यं इतकी उदार नाहीत.

दावे अडतात ते नुकसानीवर. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात ठोस नुकसान दाखवावं लागतं. २०२१ च्या ट्रान्सयुनियन (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी) विरुद्ध रामिरेझ निकालात ८,१८५ जणांपैकी ज्यांचे चुकीचे अहवाल प्रत्यक्ष तिसऱ्याकडे गेले, त्या १,८५३ जणांनाच रिपोर्टमधल्या चुकीबद्दल दावा करण्याचा हक्क आहे असं ठरलं. पुढे कधीतरी नुकसान होईल ही भीती भरपाईला पुरत नाही. पण चोरांनी माहिती डार्क वेबवर टाकली असेल तर चित्र पालटतं. २०२२ मध्ये तिसऱ्या सर्किटने तसा दावा चालू दिला. म्हणून पत्रातली भाषा बारकाईने वाचा. 'पाहिली असण्याची शक्यता', 'कॉपी केली' आणि 'प्रसिद्ध झाली' या तीन शब्दांत दाव्याची अर्धी किंमत आहे.

कॅलिफोर्नियात वैद्यकीय गोपनीयतेचा वेगळा कायदा आहे. प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करता प्रत्येक रुग्णाला १,००० डॉलर नाममात्र भरपाई. कागदावर छान दिसतं. पण २०१४ च्या सटर हेल्थ निकालात चोरीला गेलेल्या कॉम्प्युटरवर चाळीस लाख रुग्णांची माहिती असूनही दावा टिकला नाही, कारण ती कोणी प्रत्यक्ष *पाहिली* असा आरोपच नव्हता.

पै_पैचा_हिशेब

कोर्टाआधी घरचं काम. इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, तिन्हीकडे वेगवेगळं क्रेडिट फ्रीझ लावा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याला नवं कर्ज काढणं अवघड होतं. सप्टेंबर २०१८ पासून ते फुकट आहे. फोनवर किंवा ऑनलाइन सांगितलं तर एका कामकाजाच्या दिवसात लागतं, काढायला तासभर. १६ वर्षांखालच्या मुलांचंही पालकांना लावता येतं. बालरोगतज्ज्ञाकडून माहिती फुटते तेव्हा हे हमखास विसरलं जातं.

फ्रीझने वैद्यकीय ओळखचोरी थांबत नाही. तुमच्या मेंबर आयडीवर दुसऱ्याने उपचार घेतले तर ते दिसतं विमा कंपनीच्या एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स या कागदात, क्रेडिट रिपोर्टमध्ये नाही. न घेतलेली तपासणी, अनोळखी डॉक्टर दिसला की लगेच लेखी हरकत. दवाखान्याकडून स्वतःच्या फाइलची प्रत मागा (३० दिवसांत द्यावी लागते, कारण कळवून आणखी ३० घेता येतात) आणि चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करा. दुसऱ्याचा रक्तगट किंवा ॲलर्जी तुमच्या फाइलमध्ये शिरणं हे पैशापेक्षा वाईट.

मॉनिटरिंग जरूर घ्या. नुसतं नाव नोंदवल्याने दवाखान्यावरचा हक्क जात नाही. अटींमध्ये लवादाचं कलम असतं, ते बहुधा मॉनिटरिंग कंपनीशी होणाऱ्या वादापुरतं; तरी वाचून, स्क्रीनशॉट घेऊनच बटण दाबा.

एक वही ठेवा: तारीख, कोणाला फोन, किती मिनिटं, किती खर्च. तडजोडीत वेळेचेही पैसे मिळू शकतात, पण आठवणीवर नाही.

टपालपेटी

आभार. वकिलांच्या जाहिरातींचं राहिलं. आणि क्लास ॲक्शन, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या वतीने एकत्र दावा, आधीच कोणी लावला असेल तर?

दावेदार

मग घाईने सही करायची गरज नाही. क्लास ॲक्शनमध्ये तुम्ही व्याख्येत बसत असाल तर आपोआप सामील असता. आपल्या नावाने दावा लावणारा 'प्रतिनिधी' होऊ शकतो, त्याला कागदपत्रं आणि कधी जबानीही द्यावी लागते. वकील टक्केवारीवर काम करतात. करारात टक्के किती, खर्च टक्केवारीच्या आधी वजा होतो की नंतर, आणि हरल्यास खर्च कोणावर, हे तीन मुद्दे पाहा.

तडजोडीची नोटीस आली की तीन तारखा असतात: क्लेम भरायची, क्लास ॲक्शनमधून बाहेर पडायची, तडजोडीवर हरकत घ्यायची. काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत आणि दाव्याचा हक्कही सुटतो. सगळ्यात वाईट पर्याय तोच, आणि बहुतेक लोक तोच निवडतात! मोठं, पावत्यांनिशी दाखवता येणारं नुकसान असेल तरच बाहेर पडून स्वतंत्र दावा करण्याचा विचार करा. क्लास ॲक्शन प्रलंबित असताना तुमच्या वैयक्तिक दाव्याची मुदत साधारणतः थांबते (१९७४ चा अमेरिकन पाइप निकाल), पण राज्याच्या कोर्टात ते तसंच लागू होईल असं धरून चालू नका.

नोटिशीच्या नावाने फसवे ईमेलही फिरतात. ईमेलमधल्या लिंकवर न जाता केस नंबर कोर्टाच्या नोंदीत ताडून बघा.

कलम_कानू

दोन पुरवण्या. दवाखाना फक्त रोख घेत असेल आणि विम्याचे इलेक्ट्रॉनिक व्यवहार करतच नसेल, तर तो हिपाखाली नसूही शकतो. तेव्हा ओसीआर तक्रार पुढे नेणार नाही. राज्याचा माहितीफुटीचा कायदा आणि राज्याचा ॲटर्नी जनरल हाच रस्ता उरतो.

दुसरं, नुकसान लहान पण पक्कं असेल, म्हणजे पावत्या हातात असतील, तर स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट, वाईट नाही. कॅलिफोर्नियात व्यक्तीसाठी मर्यादा १२,५०० डॉलर, टेक्सासमध्ये २०,०००. जाण्यापूर्वी पहिल्या भेटीत सही केलेले कागद काढून बघा, त्यात लवादाचं कलम सापडू शकतं.

पै_पैचा_हिशेब

आणि स्मॉल क्लेम्समध्ये जिंकलात किंवा हरलात, तरी त्याच घटनेवर पुन्हा दावा करता येणं अवघड होतं. सोशल सिक्युरिटी नंबर गेलेला असताना खरं नुकसान दोन वर्षांनीही उगवू शकतं. दोनशे डॉलरसाठी दार लावून घेण्याआधी आयआरएसचा, म्हणजे केंद्रीय कर खात्याचा आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन काढून ठेवा, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्याला टॅक्स रिटर्न भरता येत नाही. तो फुकट मिळतो आणि दरवर्षी बदलतो.