संगणक विषाणू आणि नकोसे ईमेल मुलांना कसे शिकवावेत?

प्रश्न (सहायक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)
आमच्या जिल्हा परिषद शाळेत संगणक आहेत, परंतु इंटरनेट क्वचितच चालते आणि सातवीतील बहुतेक मुलांनी ईमेल पाहिलेलाही नाही. व्हायरस म्हटले की त्यांना करोनाच आठवतो. भीती न घालता हा विषय कसा समजावून सांगावा?

उत्तर (शिक्षिका, वर्धा जिल्हा)
सर, इंटरनेट नसले तरी पेन ड्राइव्ह असतोच. तेथूनच आरंभ करावा. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हमधील प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात अचानक छोटा बाण दिसू लागला, तर तो फोल्डर नसून शॉर्टकट (दुसरीच फाइल उघडणारी खूण) आहे, मूळ फोल्डर लपवलेला आहे आणि डबल क्लिक करताच विषाणूचा प्रोग्राम चालू होणार आहे, एवढे मुलांना नेमके दाखवता येते. गुलाबी बोंडअळी आत असताना बोंड बाहेरून धडच दिसते, हे कापूसवाल्यांच्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. मात्र खरा विषाणू वर्गात आणू नये. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते. अँटिव्हायरस तिला कसा अडवतो, ते दाखवावे.

उत्तर (संगणक प्रशिक्षक, अमरावती जिल्हा)
मॅडमशी सहमत आहे. फक्त 'अनोळखी माणसाचा ईमेल उघडू नका' एवढ्यावर थांबू नये, असे माझे मत आहे. मे २००० मध्ये पसरलेला 'आय लव्ह यू' हा विषाणू ओळखीच्यांच्याच पत्त्यावरून येत असे, कारण तो बाधित संगणकातील पत्त्यांच्या यादीला स्वतःच ईमेल पाठवत असे. सोबतच्या फाइलचे नाव 'टीएक्सटी'वर संपल्यासारखे दिसे, परंतु पुढचे 'व्हीबीएस' हे प्रोग्राम असल्याचे सांगणारे खरे शेपूट विंडोज लपवत असल्याने लोक तिला साधे पत्र समजले. हीच युक्ती आज गावच्या व्हॉट्सॲप गटात दिसते: लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाने फाइल येते आणि शेवटी 'एपीके' असते, म्हणजे ती मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल असते. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते, तिला इन्स्टॉल करावे लागत नाही, हे मूल घरी वडिलांनाही सांगू शकेल. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा)
नकोसा प्रत्येक ईमेल विषाणू नसतो, हा भेद आधी स्पष्ट करावा. १९७८ मध्ये सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा गेलेला पहिला असा संदेश संगणकविक्रीची निव्वळ जाहिरात होता. वीज नसेल त्या दिवशी काही ईमेल कागदावर लिहून वाटावेत आणि जाहिरात कोणती, फसवणूक कोणती, हे मुलांनाच ठरवू द्यावे. 'आजच ओटीपी कळवा, अन्यथा खाते बंद' असा कागद त्यांत अवश्य असावा.