बेसमेंटच्या पंपाचं पाणी फिरून परत खड्ड्यातच येतंय का?

प्रश्न (कोथरूड): टेकडीच्या उतारावरची सोसायटी, पार्किंग बेसमेंटमध्ये. पाणी साठायचा खड्डा 1 मीटर बाय 1 मीटर, त्यात 1 एचपीचा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप, फ्लोट स्विचवर (पाण्याच्या पातळीप्रमाणे तरंगून पंप चालू-बंद करणारा). दीड इंची पाइप वर आणून भिंतीलगतच्या वाफ्यात सोडलाय. पाऊस उघडला तरी पंप दर दहा मिनिटांनी सुरू होतो, भिंतीलाही ओल आहे. 2 एचपीचा पंप घ्यावा का?

उत्तर 1: पंप राहू द्या, आधी पाणी पडायची जागा बदला. तुमच्याकडे वर मुरूम, खाली कातळ. बेसमेंट बांधल्यावर भिंतीबाहेरची पोकळी भरावाने बुजवतात आणि तो भराव मूळ जमिनीइतका घट्ट बसत नाही. वाफ्यातलं पाणी त्यातून सरळ खाली उतरतं, कातळावर अडतं आणि भिंत-फरशीच्या सांध्यातून आत येतं. मोठा पंप तेच पाणी जास्त वेगाने फिरवेल, बिल तेवढं वाढेल.

खात्री करून घ्या: कोरड्या दिवशी होज पाइप जोडून पाणी उताराकडच्या पावसाळी गटारात सोडा. दोन-तीन तासांत पंपाच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर वाढत गेलं, तर दोष वाफ्याचाच.

उत्तर 2: सहमत. कायमची लाइन दोन इंची टाका. तेवढ्याच प्रवाहाला दीड इंचीच्या मानाने घर्षण साधारण चौथ्या हिश्शावर येतं, म्हणून लांब नेऊनही 1 एचपी पुरतो. आडव्या पाइपला 1:100 उतार द्या, 20 मीटरला 20 सेंटिमीटर. वळणावर 90 अंशांच्या एका एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन. उन्हात उघडा पीव्हीसी ठिसूळ होतो, तो रंगवा किंवा गाडा. गाड्या जातात तिथे बाहेरून जाड पाइपचं स्लीव्ह घाला.

पंपाच्या वर एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि युनियन (फिरवून सुटणारा जोड) हवंच. युनियन नसेल तर पंप काढताना दर वेळी पाइप कापावा लागतो.

प्रश्नकर्ता: ड्रेनेजचं चेंबर अगदी जवळ आहे. त्यात सोडलं तर?

उत्तर 2: अजिबात नको. मुसळधार पावसात मैलापाण्याची लाइन आधीच भरलेली असते, वरून पंपाचं पाणी गेलं की तळमजल्याच्या संडासातून घाण वर येते. पावसाळी गटारच घ्या, त्याआधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात विचारा. पाइपचं तोंड गटाराच्या भरलेल्या पातळीच्या वर ठेवा आणि फ्लॅप (गटाराचं पाणी आत येऊ न देणारी झडप) लावा.

उत्तर 3: दोन गोष्टी राहिल्या. पंप आणि एनआरव्हीच्या मध्ये पाइपला 3-4 मिलिमीटरचं भोक पाडा, खड्ड्याकडे तोंड करून. ते नसलं तर हवा अडकते आणि पंप नुसता घुमतो, पाणी उचलत नाही. चालू असताना त्यातून चिळकांडी उडेल, ती गळती समजून बुजवू नका.

दुसरं, फ्लोटची वायर. ती जितकी मोकळी सोडाल, तितकं पंप चालू आणि बंद होण्याच्या पातळीतलं अंतर वाढतं. तुमच्या खड्ड्यात 10 सेंटिमीटर म्हणजे 100 लिटर. चालू-बंदमध्ये 30 सेंटिमीटर अंतर ठेवलं तर दर फेरीला 300 लिटर निघतात, मोटर कमी वेळा सुरू होते. फ्लोट भिंतीला अडकत नाही ना, बादलीने पाणी ओतून बघा. पंप जनरेटरच्या लाइनवर घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) लावा. लाइट नेमकी मोठ्या पावसातच जाते.